वयाची अट

रामनगरच्या बाजारात मारुतीकाकांचं पत्र्याचं आणि खिळ्यांचं दुकान आहे. दुकानावर एक माडी. तिच्या अर्ध्या भागात सिमेंटच्या गोण्या, उरलेल्या अर्ध्यात खिडकीला लागून दोन टेबलं. एक मारुतीकाकांच्या लेकीचं, मयूरीचं, दुसरं सुनयनाचं. बेळगावच्या कॉलेजात दोघी एकाच बाकावर बसून इलेक्ट्रॉनिक्स शिकल्या होत्या, आणि कॉलेज संपल्यापासून एकाच परीक्षेच्या मागं लागल्या होत्या. केंद्र सरकारच्या एका कंपनीत इंजिनियर भरती व्हायची. जागा थोड्या, देशभरातली पोरं बसायची. जाहिरातीच्या तळाशी वयाची अट असायची. मयूरी वर्षानं लहान, तिला या खेपेनंतर अजून एक संधी होती. सुनयनाची ही शेवटची.

सुनयनाचं घर तिथून लांब, बाजारकुणंगच्या पुढं जंगलातल्या वाडीत. बाप परशू भातशेती करायचा आणि वनखात्याच्या कामावर जायचा. आई पुतळी परसात कंद लावायची, जंगलातून कोकमाची भिरंडं आणून त्यांची सोलं वाळवायची. सुरुवातीला सुनयनानं घरीच अभ्यास करून बघितला होता. वाडीत फोनला रेंज नाही. घाटाच्या वळणावर ओढ्यावरची एक मोरी आहे, तिच्या कठड्यावर बसलं की जरा रेंज यायची. ती तिथं बसून शिकवणीचे व्हिडिओ उतरवून घ्यायची. बस आली की ड्रायव्हरला वाटायचं, गाडीसाठी थांबलीय. तो थांबवायचा.

"येणार काय गं?"

"न्हाई मामा. तुम्ही चला."

असं रोज. शेवटी ड्रायव्हरनं थांबायचं सोडलं. मग वारा सुटला की चार-चार दिवस वीज जायची, आणि ऑनलाइन सराव परीक्षा अर्ध्यात बंद पडायची. मारुतीकाकांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या मयूरीला एकटीला अभ्यास हुईत न्हाई. तू ऱ्हा की हितंच. दोघी मिळून करा."

त्यात त्यांचाही फायदा होता, आणि तो सगळ्यांना माहीत होता. सुनयना हुशार. सर्किट बघितलं की करंट कुठून कुठं जाणार हे तिला आधी दिसायचं, गणित नंतर. मयूरी पाठांतरवाली. ऑप-अँप नावाचं सर्किट तिच्या डोक्यात काही केल्या शिरेना, तेव्हा सुनयनानं आठवडाभर तिला तेच शिकवलं. सिमेंटच्या गोणीवर खडूनं आकृत्या काढून. खालून हमाल गोणी न्यायला आला की आकृती खांद्यावरून निघून जायची आणि दोघी हसायच्या.

पहिल्या वेळी सुनयना थोडक्यात राहिली. मग महामारीनं परीक्षाच झाली नाही. पुढच्या वेळी लेखी पास झाली, मुलाखतीला गेली, आणि तीन बाईमाणसं आणि चार पुरुषांसमोर तिची जीभ टाळ्याला चिकटली. प्रश्न कळत होता, उत्तर येत होतं, इंग्रजी वाक्य जुळत नव्हतं. त्यानंतर ती आरशासमोर उभी राहून इंग्रजी बोलायला शिकली. केस गळायला लागले. वाडीत गेली की बायका तोंडावर काही बोलत नसत, पण आईला विचारत, "अजून शाळाच चाललीय व्हय गं?" पुतळी म्हणायची, "मोठी परीक्षा हाय. येळ लागतो."

शेवटची परीक्षा हुबळीला होती. त्या वर्षी मुलाखत काढून टाकली होती, लेखीवरच निवड व्हायची. सुनयना त्या दिवशी घाबरलेली नव्हती, हेच तिला नंतर जास्त लागलं. संगणकासमोर बसली, पहिले प्रश्न भराभर सुटले. मग तो एक आला. ऑप-अँपचाच, तिनं गोणीवर काढून दाखवलेल्यासारखा, फक्त एक डायोड उलटा. तिचं उत्तर चार पर्यायांत कुठंच बसेना. पुढं जायला हवं होतं. शंभरदा मयूरीला तिनं तेच सांगितलं होतं, अडलं की सोडायचं. पण हा आपला प्रश्न, हा आपल्याला येतोच, या हट्टानं ती त्याच्यावर बसून राहिली. मान वर केली तेव्हा वेळ निसटलेला होता.  उरलेल्या प्रश्नांवर ती अंदाजानं खुणा करत गेली. चुकीच्या उत्तराला गुण कापतात हे ठाऊक असून करत गेली.

बाहेर मयूरी म्हणाली, "तो डायोडवाला मी सोडला बघ. तू म्हणतीस तसं."

सुनयना म्हणाली, "बरं केलंस."

निकाल लागला त्या दिवशी यादी मयूरीनंच उघडली. तिचा नंबर होता. तिनं किंचाळून सुनयनाला मिठी मारली आणि मिठीतच तिला कळलं की सुनयनाचा नंबर तिनं अजून बघितलाच नाही. दोघींनी मिळून तो शोधला. वरून खाली, खालून वर. मयूरी रडायला लागली.

"तू कशाला रडतीस?" सुनयना म्हणाली. "जा, काकांना सांग."

मारुतीकाकांनी पेढ्यांचे खोके मागवले. त्यांना सुनयनाचं काय झालं ते कळलं होतं, पण त्या आनंदात काय बोलावं ते सुचलं नसावं. त्यांनी एक खोका तिच्या हातात दिला. "जा बाई, स्टँडवर सगळ्यांना वाट. तुझाबी हात हाय ह्यात."

ते मनापासून म्हणाले होते. सुनयना खोका घेऊन स्टँडवर गेली. रिक्षावाले, हॉटेलवाला, भाजीवाल्या बायका. बाजारकुणंगकडं जाणारी गाडी सुटायच्या बेतात होती. कंडक्टर तिला ओळखायचा. दारातूनच त्यानं हात पुढं केला.

"काय बाई, कशाचं?"

"नोकरी लागली."

"सरकारी?"

"व्हय."

"भले!" कंडक्टरनं दोन पेढे उचलले आणि शिट्टी मारली.

कुणाला लागली हे ती बोलली नाही. मुद्दाम गाळलं असं नाही. तिच्या डोक्यात त्या वेळी मयूरीशिवाय दुसरं कोण असणार? उरलेले पेढे वाटून ती माडीवर आली, गोण्यांच्या मागं जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत तिथून उठली नाही.

दुसऱ्या दिवशी ती घरी निघाली. वाटभर तिनं वाक्य जुळवलं. आये, न्हाई झालं. इतकंच. मुलाखतीचं इंग्रजी पाठ केलं तसं तिनं हे तीन शब्दांचं मराठी पाठ केलं.

मोरीच्या वळणावर बस थांबली आणि तिला वाटलं कुणीतरी दगावलंय. वाडीतल्या सगळ्या बायका रस्त्यावर. पुढं पुतळी, हात भिरंडांच्या रसानं लाल, तशीच सोलता सोलता उठून आलेली. तिनं त्या लाल हातांनी पोरीचा चेहरा धरला. मागून कुणी कुंकू लावलं, कुणी ओवाळलं.

"कंडक्टरनं सांगितलं काल," पुतळी म्हणाली. "तुज्या हातचा पेढा खाल्ला म्हनं त्यानं. आनि आमाला न्हाई व्हय?"

सुनयना म्हणाली, "आये, ऐक..."

तेवढ्यात तिला परशू दिसला. तो गर्दीत नव्हता. मोरीच्या कठड्याला एका हातानं धरून पाठमोरा उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. त्याचा मोठा भाऊ झाडाखाली सापडून गेला तेव्हाही त्या माणसाच्या डोळ्यांत कुणी पाणी बघितलं नव्हतं.

"काय म्हनतीस?" पुतळीनं विचारलं.

"काय न्हाई," सुनयना म्हणाली. "भूक लागलीय."

रात्री सांगू असं तिनं ठरवलं होतं. पण घरात माणसं बसलेली. सकाळी सांगू म्हटलं, तर सकाळी देवळात गाऱ्हाणं घालायला नेलं. नारळ फुटला. गावच्या देवासमोर तिचं नाव घेऊन सांगितलं गेलं की पोरीनं वाडीचं नाव काढलं, तिला सांभाळ. ती हात जोडून उभी होती. एकेक दिवस गेला तसं सांगणं जड होत गेलं. आधी फक्त नापास झाल्याचं सांगायचं होतं. आता गप्प बसल्याचंही सांगायचं होतं.

मग शेजारचा गुरुदास आला. त्याची पोरगी तारा पीयूसी, म्हणजे बारावी, पास झाली होती, सायन्स घेऊन, चांगल्या मार्कांनी. तिला खानापूरकडचं एक स्थळ आलं होतं आणि गुरुदासनं जवळजवळ होकार दिला होता. तो येऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला, "पोरी, तुज्यापायी माजं मत फिरलं बघ. त्या मानसांना कळवलं, आत्ता न्हाई. आमची तारा शिकनार. दांडेलीला घालतो तिला, हॉस्टेल हाय म्हनतात. तू सांग, काय घ्यावं तिनं?"

तारा बापाच्या मागं उभी होती. तिच्या डोळ्यांत असं काही होतं की सुनयनाला मान वर करवेना.

"बी.एस्सी. घेऊ दे," ती कशीबशी म्हणाली.

त्या दुपारी ती मोरीवर जाऊन बसली आणि तिनं मयूरीला फोन लावला. सगळं सांगितलं. मयूरीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"सुनू, आजच्या आज सांग घरात."

"न्हाई जमत गं. तू बेंगळूरला रुजू व्हायला चाललीस ना? मी येते. तुझ्या खोलीत राहते. कुठल्यातरी कंपनीत मिळेल ते काम धरते. घरी वाटू दे तीच नोकरी. कोण येतंय बघायला?"

"आणि आयुष्यभर?"

"आयुष्याचं मला विचारू नको," सुनयना म्हणाली. "मला पुढचा आठवडा सांग."

मयूरी शेवटी म्हणाली, "ये. पण आधी सांगून ये." सुनयनानं हो म्हटलं. सांगितलं नाही.

सगळं तिच्या मनासारखं झालंही असतं. पण निघायच्या आदल्या दिवशी परशू दाढी करून आला, त्यानं धुतलेला सदरा खुंटीवरून काढला आणि म्हणाला, "मीबी येतो. तुला सोडतो, सायबाला भेटतो आनि माघारी येतो."

"आप्पा, कशाला? मयूरी हाय तिथं."

"मयूरी हाय. पर मी बाप हाय की न्हाई?"

परशू बेळगावच्या पलीकडं कधी गेलेला नव्हता. साहेबासाठी त्यानं एक गाठोडं बांधलं. वाळलेली सोलं, घरचे कंद, आणि मधाची बाटली, बुचाला मेण लावून कापडात गुंडाळलेली. सुनयना ते बांधताना बघत राहिली. तिनं हरप्रकारे नको म्हणून बघितलं, गाडीला गर्दी असते, साहेब भेटत नाहीत, परवानगी लागते. परशू फक्त म्हणाला, "गेटावर उभा ऱ्हाईन. लांबनं बघीन. मग झालं?"

लोंढ्याच्या रेल्वे स्टेशनावर ते दुपारीच पोचले. गाडी रात्रीची होती. फलाटावर फारशी माणसं नव्हती. परशू बाकावर गाठोडं मांडीवर घेऊन बसला, जणू ते कुणी उचलून नेईल. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "सायब मराठी बोलतो का कन्नड?"

सुनयना म्हणाली, "आप्पा, साहेब न्हाई."

"मंग बाई हाय?"

"कुणीच न्हाई." तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "नोकरी मला लागली न्हाई. मयूरीला लागली. मी नापास झाले."

परशूनं ऐकलं की नाही हे तिला कळेना. तो समोरच्या रुळांकडं बघत होता. मग त्यानं गाठोड्याची गाठ सोडली, आत बघितलं आणि पुन्हा घट्ट बांधली.

"देवळात नारळ फोडला आमी."

"व्हय."

"तुज्या आईनं घर न् घर फिरून सांगितलं."

"व्हय, आप्पा."

"तू सांगितलंस काय कंडक्टरला, का त्यानं चुकून?"

"त्यानं चुकून. पण मग मी गप्प बसले."

"गप्प बसलीस," परशू म्हणाला. "आनि बेंगळूरात काय करनार हुतीस?"

"मिळंल ते."

"आनि आमी हितं सायबीन म्हनून बसनार हुतो."

 ती उठली. बसवत नव्हतं. पलीकडून मालगाडी येत होती, न थांबणारी, लांबलचक, फलाट थरथरायला लागला. सुनयना चालत फलाटाच्या कडेला गेली. त्या क्षणी तिला काय हवं होतं हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. आवाज इतका मोठा होता की डोक्यातलं सगळं त्यात बुडालं, आणि ते बरं वाटत होतं, एवढं तिला आठवतं. मग मनगटावर चाप बसल्यासारखी पकड बसली. परशूनं तिला ओढून मागं आणलं, भिंतीला टेकवलं आणि गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत तसंच दाबून धरलं.  त्याच्या मांडीवरचं गाठोडं बाकाखाली पडून आतली मधाची बाटली फुटली होती आणि गाठोड्याखालून मध फरशीवर पसरत होता.

"घरला चल," तो म्हणाला.

"आप्पा, मला तिथं तोंड दाखवता येणार न्हाई."

"नको दाखवूस. मागनं चल माज्या. मारायचंच आसंल तर तुजी आई मारंल. चल."

रात्री उशिरा रामनगरपर्यंत जीप मिळाली, पुढची गाडी सकाळीच होती. तोवर ते मारुतीकाकांच्या दुकानाच्या पायरीवर बसले. त्यांना उठवायचं नाही म्हणून परशूनं दार वाजवू दिलं नाही. एवढ्या वेळात त्यानं पोरीचं मनगट सोडलं नाही. तिनं पाणी प्यायलं तेही डाव्या हातानं.

पुतळीनं मारलं नाही. ती अंगणात सोलं उलटीपालटी करत होती. दोघांना दारात बघून उभी राहिली. परशूनं सांगितलं, दोनच वाक्यांत. तिनं हात धुतले, पदर सावरला आणि देवळाकडं गेली. बऱ्याच वेळानं आली, चूल पेटवली, भाकरी थापली, ताट वाढून सुनयनाच्या पुढं सरकवलं. एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही. पाऊस लागला, रोपं लावायला सगळे शेतात उतरले, चिखलात मायलेकी शेजारी शेजारी वाकून रोप लावायच्या आणि पुतळी दुसऱ्या बायकांशी बोलायची, हिच्याशी नाही. सुनयनाच्या हाताला रोप कमी पडलं तर न बोलता तिच्या पुढ्यात जुडी टाकायची.

वाडी मात्र बोलली. कुणी कीव केली, कुणी हसलं. पोरं तिला "इंजिनेरबाई" म्हणायला लागली. ती ऐकून घ्यायची. रात्री डोळे मिटले की संगणकाचा पडदा दिसायचा, आणि तो डायोड. एका रात्री तिला उत्तर सापडलं. चार पर्यायांतला तिसरा. सुरुवातीलाच दिसायला हवं होतं इतकं सोपं. ती उठून बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

गुरुदास मात्र हसला नाही, त्यानं कीवही केली नाही. तो सरळ अंगणात येऊन उभा राहिला.

"तुज्यापायी मी पोरीचं स्थळ मोडलं. आता त्या मानसांच्या दारात परत जायाचं माज्यावर आलं."

"काका, चूक माझी हाय. ताराची न्हाई. तिला शिकू द्या."

"शिकून काय हुतं ते बघितलं की आमी. इतकी वर्सं शिकलीस. काय मिळालं? आनि वर खोटं."

सुनयना त्याच्या घरापर्यंत मागं मागं गेली. हात जोडले. तारा आतून बघत होती. सुनयना तिला म्हणाली, "तारा, मला माफ कर." तारानं विचारलं, "आक्का, परीक्षा तेवढी अवघड हाय?" रागानं नव्हे, खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून. सुनयना म्हणाली, "हाय. पण मला येत होती." गुरुदासनं दार लावून घेतलं.

त्या रात्री जेवताना परशूनं हे सगळं सांगितलं. पुतळी भात वाढत होती. ऐकल्यासारखं तिनं दाखवलं नाही. सकाळी मात्र ती शेतावर आली नाही. सुनयना चिखलात उभी होती तेव्हा बांधावरून बायका म्हणाल्या, "तुजी आई गुरुदासच्या दारात हाय. जोरात बोलालीय."

सुनयना धावत गेली. पुतळी ओट्यावर चढलेली नव्हती, खाली पावसातच उभी होती, इरलं डोक्यावर. गुरुदास दारात.

"माजी पोर खोटं बोलली," पुतळी म्हणत होती. "बोलली, मला ठाव हाय, देवाला ठाव हाय. पर ती शिकली म्हनून खोटं बोलली न्हाई. आमी सगळी रस्त्यावर नाचत हुतो, आनि तिला आमचं नाचनं थांबवायचं धाडस झालं न्हाई. त्यात माजाबी वाटा हाय. तिचं तोंड मी हातात धरलं हुतं, मला दिसायला पायजे हुतं. तुज्या तारानं काय केलंय?"

"वैनी, तुमी घरला जावा. भिजालाय."

"भिजू दे. तू सांग मला, तिनं काय केलंय?"

गुरुदास आत निघून गेला. पण त्यानं खानापूरला निरोप धाडला नाही. बरेच दिवस तो घोळवत राहिला. शेवटी जुलैत, कॉलेजचे प्रवेश संपत आले तेव्हा, तो तारासोबत दांडेलीला गेला. सायन्सला मात्र त्यानं घातलं नाही. "त्या सायन्सनंच परशूच्या पोरीचं डोकं फिरलं," असं त्याचं म्हणणं. तारा बी.ए.ला बसली. जाताना ती रडत होती की हसत होती हे कुणाला नीट दिसलं नाही, पाऊस होता.

त्या सकाळी गुरुदासच्या अंगणातून घरी येताना वाटेत पुतळीनं सुनयनाला म्हटलं, "इरल्यात ये." इतक्या दिवसांतले ते पहिले शब्द. एका इरल्यात दोघी मावत नव्हत्या. दोघी अर्ध्या अर्ध्या भिजल्या.  जे झालं त्याची भरपाई झाली असं सुनयनाला वाटलं नाही, आणि पुतळीलाही वाटलं नसावं.

भात कापणी झाल्यावर सुनयना हुबळीला गेली. मारुतीकाकांच्या ओळखीच्या एका माणसाचं इन्व्हर्टर आणि यूपीएस दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. निघताना परशूनं "येऊ काय?" असं विचारलं आणि स्वतःच "नको," म्हणाला. पुतळीनं डबा भरून दिला. रस्त्यात भेटलेल्या एका बाईनं विचारलं, "पोरीला लागली काय मोठी नोकरी?" पुतळी म्हणाली, "मोठी न्हाई. दुरुस्तीच्या दुकानात जातीय. हुबळीला."

वर्कशॉपच्या मालकानं तिची सर्टिफिकेटं उलटसुलट करून बघितली. त्याला प्रश्न पडला होता.

"इतकं शिकलाय. सरकारी परीक्षा देत असणार. मी शिकवणार आणि तुम्ही दोन महिन्यांत सोडून जाणार, असंच ना?"

"न्हाई जाणार," सुनयना म्हणाली. "वय संपलं."

तो जरा अवघडला. मग त्यानं टेबलाखालच्या ढिगातून एक करपलेलं सर्किट-बोर्ड काढून तिच्यापुढं ठेवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. सुनयनानं बोर्ड पालथं केलं, दिवा जवळ ओढला. जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता. तिला वाटलं होतं, असं काही हातात आलं की पुन्हा रडू येईल. आलं नाही. तिनं मीटर सुरू केलं आणि एका टोकापासून तपासायला घेतलं.